पडद्यावरचा मावळ आणि मावळातला प्रेक्षक

पुण्या-मुंबईत चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकाचे मत वाहनतळापर्यंत पोहोचेस्तोवर तयार झालेले असते. पूर्वार्ध रेंगाळला, नायक भूमिकेत शोभला, गाणी नको होती, शेवट मात्र अंगावर काटा आणणारा होता, अशा चार वाक्यांत त्याचा निकाल लागतो. दुसऱ्या दिवशी कार्यालयात त्यावर दहा मिनिटे चर्चा होते आणि पुढच्या शुक्रवारी नवा चित्रपट आला की जुने मत विसरले जाते. मत चुकले तरी कोणाचे काही बिघडत नाही.

पुण्यापासून सुमारे ५० किलोमीटरवरच्या भोरमध्ये आणि त्याला लागून असलेल्या वेल्ह्यात मात्र सगळ्याच चित्रपटांबाबत असे घडत नाही. प्रेमकथा, विनोदी चित्रपट, सासू-सुनेच्या मालिका यांविषयी तेथेही शहरासारखेच बोलले जाते. पण पडद्यावर शिवकाळ आला, की बोलण्याचा सूर बदलतो. शहरातील प्रेक्षकासाठी जी व्यक्ती कथेतील एक पात्र असते, ती येथे कोणाच्या तरी गावची, कोणाच्या तरी आडनावाची, कोणाच्या तरी देव्हाऱ्यातील टाकाशेजारी स्मरली जाणारी असते. त्यामुळे 'सिनेमा कसा वाटला?' या साध्या प्रश्नाचे उत्तरही साधे राहत नाही.

गेल्या काही वर्षांत मराठी आणि हिंदी पडद्यावर शिवकालीन कथांची रांग लागली. 'फर्जंद' (२०१८), 'फत्तेशिकस्त' (२०१९), 'तान्हाजी : द अनसंग वॉरियर' (२०२०), 'पावनखिंड', 'शेर शिवराज' आणि 'हर हर महादेव' (तिन्ही २०२२), 'सुभेदार' (२०२३), 'शिवरायांचा छावा' (२०२४) आणि 'छावा' (२०२५) ही त्यांतील ठळक नावे. छोट्या पडद्यावर २००८ मध्ये सुरू झालेली 'राजा शिवछत्रपती' आणि २०१७ ते २०२० या काळात चाललेली 'स्वराज्यरक्षक संभाजी' या मालिका घराघरांत पोहोचल्या. यांपैकी बहुतेक कथांचा एक तरी धागा भोर-वेल्ह्याच्या डोंगरदऱ्यांत येऊन पोहोचतो. या भागात चित्रपटांवर व्यक्त होणारी मते समजून घ्यायची तर आधी हा धागा समजून घ्यावा लागतो.

पात्रांची नावे, गावांची नावे

पुणे-बंगळूर महामार्गावरून भोरकडे वळताना कापूरहोळ लागते. नारायणपूर आणि केतकावळ्याकडे जाणाऱ्या शहरी भाविकांना हे नाव चहा-नाश्त्याच्या थांब्यामुळे ठाऊक असते. संभाजी महाराजांना दूध पाजणाऱ्या धाराऊ गाडे याच गावच्या. राणी सईबाई यांचे ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर निधन झाले, तेव्हा संभाजी महाराज अवघे सव्वादोन वर्षांचे होते. 'छावा'मध्ये नीलकांती पाटेकर यांनी धाराऊंची भूमिका केली आहे. शहरी समीक्षेत या भूमिकेला फार तर एखादी ओळ मिळते, कापूरहोळच्या प्रेक्षकाची नजर मात्र त्या पात्राच्या पहिल्या दृश्यापासून तिच्यावर खिळते.

भोर तालुक्यातील कारी हे कान्होजी जेधे यांचे गाव. अफजलखानाची स्वारी आली, तेव्हा विजापूरच्या दरबाराने मावळातील देशमुखांना फर्माने पाठवून खानाला सामील होण्याचा हुकूम केला. कान्होजींनी ते फर्मान महाराजांपुढे ठेवले, वतनावर पाणी सोडण्याची तयारी दाखवली आणि मुलांसह स्वराज्याची बाजू घेतली. हिरडस मावळातील शिंद हे बाजीप्रभू देशपांडे यांचे गाव, तर बाजीप्रभू ज्यांचे दिवाण होते ते बांदल देशमुख याच हिरडस मावळाचे वतनदार. राजगडाच्या पायथ्याकडील भुतोंडे खोरे येसाजी कंक यांचे, आणि भाटघर धरणाच्या जलाशयाला आज त्यांचेच नाव आहे.

पलीकडे वेल्हे तालुका. राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये या तालुक्याला 'राजगड' असे नाव देण्याचा निर्णय घेतला आणि २०२५ मध्ये तो अमलात आला. बोलण्यात मात्र वेल्हे हे नाव रुळलेलेच आहे. तोरणा आणि राजगड हे दोन्ही किल्ले याच तालुक्यात. तोरणा हा स्वराज्याच्या आरंभीच्या किल्ल्यांपैकी एक, आणि राजगड ही सुमारे पाव शतक स्वराज्याची राजधानी. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने 'मराठा लष्करी स्थापत्य' म्हणून ज्या १२ किल्ल्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला, त्यांत राजगड आहे.

म्हणजे शहरातील प्रेक्षक ज्या भूगोलाची ओळख पडद्यावर करून घेतो, तो येथील प्रेक्षकाच्या रोजच्या वावरातला असतो. त्याच्या मताकडे पाहताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

मत एक, प्रश्न तीन

शिवकालीन चित्रपटाविषयी कोणी 'आवडला नाही' असे म्हणतो, तेव्हा त्या दोन शब्दांत तीन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असू शकतात. पहिली, चित्रपट म्हणून तो जमला नाही. दुसरी, त्यात जे दाखवले ते घडलेले नाही. तिसरी, आमच्या माणसाला त्यात त्याचा मान मिळाला नाही. पहिली बाब आवडीनिवडीची, दुसरी पुराव्याची आणि तिसरी प्रतिष्ठेची. या तिन्हींची परीक्षा तीन वेगळ्या मार्गांनी करावी लागते. वाद पेटतात ते बहुधा या तीन गोष्टी एकमेकींत मिसळल्यामुळे.

पहिल्या प्रकारच्या मताला पुरावा लागत नाही. एखाद्याला 'पावनखिंड'मधील अजय पुरकर यांचे बाजीप्रभू भावले, दुसऱ्याला 'हर हर महादेव'मधील शरद केळकर यांचे. कोणाला युद्धप्रसंगांतील मंद गतीची दृश्ये थरारक वाटतात, तर कोणाला त्याच दृश्यांत नायक हवेत किती वेळ तरंगतो याचे हसू येते. 'छावा'मधील विकी कौशल यांचा अभिनय पाहून चित्रपटगृहात प्रेक्षकांना अश्रू आवरले नाहीत, आणि त्याच चित्रपटाच्या पार्श्वसंगीतावर टीकाही झाली. ही मते एकाच वेळी खरी असू शकतात. त्यांत कोणी कोणाला खोटे पाडण्याचे कारण नाही.

मालिकांचे गणित आणखी वेगळे. चित्रपटाला दोन-अडीच तासांत कथा संपवावी लागते, तर दैनंदिन मालिकेला तीच कथा महिनोन्‌महिने पुरवावी लागते. मूळ कागदांत एका ओळीत नोंदलेला प्रसंग मालिकेत आठवडाभर चालतो. मधली जागा संवादांनी, कटकारस्थानांनी आणि अंतःपुरातील रुसव्याफुगव्यांनी भरली जाते. 'मालिका ताणली' हे मत शहरात आणि खेड्यात सारखेच ऐकू येते. त्यात तथ्य असते, पण त्याचे कारण लेखकाच्या आळसापेक्षा त्या माध्यमाच्या गरजेत असते.

तोफेचा पल्ला आणि डोळ्यांचा पल्ला

दुसऱ्या प्रकारचे मत तपासता येते, आणि त्यासाठी प्रत्येक वेळी इतिहाससंशोधक असावे लागते असे नाही. 'तान्हाजी'मध्ये उदयभान 'नागीण' नावाची प्रचंड तोफ कोंढाण्यावर आणतो आणि तिचे तोंड राजगडाकडे असते. चित्रपटाच्या कथेतील ताण या तोफेवर उभा आहे. सिंहगड ते राजगड हे हवाई अंतर सुमारे १५ किलोमीटर भरते. सतराव्या शतकातील तोफांचा परिणामकारक मारा एक-दोन किलोमीटरच्या आसपास संपत असे. राजगडाच्या माचीवर उभे राहून उत्तरेकडे सिंहगड पाहिलेल्या माणसाला यासाठी ग्रंथ उघडावा लागत नाही.

यावरून चित्रपट वाईट ठरतो का? तसे मुळीच नाही. ४ फेब्रुवारी १६७० रोजी तानाजी मालुसरे यांनी कोंढाण्यावर प्राण वेचले, हे ऐतिहासिक सत्य तोफेमुळे बदलत नाही. तोफ ही पटकथेची सोय आहे. प्रदर्शनानंतर याच चित्रपटात उदयभान रंगवणारे सैफ अली खान यांनी एका मुलाखतीत, हा चित्रपट म्हणजे इतिहास आहे असे आपल्याला वाटत नाही, असे सांगितले होते. प्रेक्षकाने थरार अनुभवावा आणि तोफ तेवढी बाजूला ठेवावी, एवढेच यातून घ्यायचे.

'बाजीराव मस्तानी' (२०१५) हे भोरकरांना जवळचे उदाहरण. भोर संस्थानच्या पंतसचिवांच्या राजवाड्यात चित्रीकरण झालेल्या चित्रपटांत त्याचे नाव घेतले जाते. त्यातील 'पिंगा' या गाण्यात काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचताना दाखवल्याने मोठा वाद झाला. पेशवे घराण्यातील स्त्रिया अशा तऱ्हेने नाचणे त्या काळी अशक्य होते आणि काशीबाईंना पायाचे दुखणे होते, असा आक्षेप घेतला गेला. प्रदर्शनाच्या दिवशी पुण्यात निदर्शने झाली आणि कोथरूडमधील एका चित्रपटगृहातील खेळ रद्द करावे लागले. येथे आक्षेपाचा पहिला भाग पुराव्याचा होता, दुसरा मानाचा. गाणे म्हणून ते गाजले, हा तिसरा भाग आवडीचा. तिन्ही मते एकाच चार मिनिटांच्या गाण्याविषयी होती, आणि वाद घालणारे एकमेकांचे ऐकत नव्हते याचे कारणही तेच होते.

कारीच्या दप्तरातले कागद

पुराव्याच्या बाबतीत भोर तालुक्याचे स्थान फार महत्त्वाचे आहे, आणि शहरी वाचकाला त्याची कल्पना क्वचितच असते. शिवचरित्राच्या अभ्यासात ज्यांचा आधार वारंवार घेतला जातो ती 'जेधे शकावली' कारीच्या जेधे घराण्याच्या दप्तरातून उजेडात आली. या घराण्याने ती लोकमान्य टिळकांकडे दिली आणि टिळकांनी १९१६ मध्ये पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातर्फे ती प्रसिद्ध केली. शकावली म्हणजे शकवार, तिथीवार केलेल्या घटनांच्या त्रोटक नोंदी. शिवजन्माची फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजेच १९ फेब्रुवारी १६३० ही तिथी याच शकावलीत मिळाली. इतर साधनांशी ताडून पाहिल्यानंतर अभ्यासकांनी ती मान्य केली आणि पुढे राज्य शासनानेही शासकीय शिवजयंतीसाठी १९ फेब्रुवारी ही तारीख स्वीकारली. राज्यभर ज्या दिवशी सुट्टी असते, त्या तारखेचे मूळ भोरजवळच्या एका खेड्यातील दप्तरात आहे.

याच घराण्याची 'जेधे करीना' ही दुसरी महत्त्वाची नोंद. शकावली तारखा सांगते, तर करीना घराण्याची हकीकत सांगतो. या कागदांशी पडदा ताडून पाहिला की चित्रपटातील भर कोठे पडते ते स्पष्ट दिसते.

पावनखिंडीचेच पाहू. जुलै १६६० मध्ये महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे गेले, बांदलांची माणसे त्यांच्यासोबत होती, सिद्दी जौहरच्या सैन्याने पाठलाग केला, घोडखिंडीत झुंज झाली आणि बाजीप्रभू पडले, एवढा गाभा मजबूत पुराव्यावर उभा आहे. खिंडीत कोण काय बोलले, कोणी कोणाला कशी शपथ घातली, हे मात्र त्या काळच्या कागदांत मिळत नाही. गडावरून तोफांचे बार ऐकू येईपर्यंत प्राण रोखून धरल्याचा प्रसंग प्रामुख्याने उत्तरकालीन बखरींतून, पोवाड्यांतून आणि शालेय पुस्तकांतून लोकमानसात रुजला. चित्रपट त्यावर संवाद, पाऊस, चिखल आणि संगीत चढवतो.

म्हणजे मूळ नोंद, मग बखर, मग पोवाडा, मग कादंबरी, मग नाटक आणि शेवटी चित्रपट किंवा मालिका अशी ही उतरंड आहे. 'छावा' हा चित्रपट शिवाजी सावंत यांच्या १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच नावाच्या कादंबरीवर आधारित आहे. कादंबरीकाराने कल्पनेने भरलेल्या जागा पटकथेत येताना आणखी बदलतात. पडद्यावरील एखादे दृश्य 'खोटे' आहे असे म्हणण्यापूर्वी ते या उतरंडीच्या कोणत्या पायरीवरून आले, हे पाहणे म्हणूनच उपयोगाचे ठरते. अनेकदा ज्याबद्दल दिग्दर्शकाला दोष दिला जातो, ते त्याच्या जन्मापूर्वी दोनशे वर्षे आधीच बखरकाराने लिहून ठेवलेले असते.

मानाचे पहिले पान

तिसऱ्या प्रकारचे मत सर्वांत नाजूक असते. जेधे करीन्यातील एक प्रसंग त्यासाठी मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखा आहे. स्वराज्यात तलवारीच्या पहिल्या पानाचा मान जेध्यांकडे होता. घोडखिंडीत बांदलांनी जो पराक्रम केला, त्यानंतर महाराजांनी तो मान बांदलांना देण्याचे ठरवले आणि जेध्यांनी त्याला संमती दिली. एका घराण्याच्या पराक्रमाची नोंद दुसऱ्या घराण्याच्या कागदात, आणि तीही स्वतःचा मान सोडल्याच्या कबुलीसह, अशी ही नोंद आहे. स्वतःच्या घराण्याचा गौरव वाढवणारे कागद पुष्कळ सापडतात. स्वतःचा मान दुसऱ्याला दिल्याचे सांगणारा कागद दुर्मिळ, आणि म्हणूनच अधिक विश्वासार्ह.

ही पार्श्वभूमी ठाऊक असेल, तर 'पावनखिंड'विषयी मावळात आपुलकीने का बोलले गेले ते कळते. दिग्पाल लांजेकर यांच्या या चित्रपटात बाजीप्रभूंबरोबर रायाजी बांदल आणि बांदल सेनेला ठळक स्थान मिळाले. शालेय पाठात एकट्या बाजीप्रभूंची असलेली खिंड पडद्यावर बांदलांचीही झाली. शहरी प्रेक्षकाला पात्रांची गर्दी वाटली तेथे मावळातील प्रेक्षकाला राहून गेलेली नावे प्रथमच ऐकू आली.

त्याच वर्षी, दिवाळीत, २५ ऑक्टोबर २०२२ रोजी प्रदर्शित झालेल्या 'हर हर महादेव'च्या वाट्याला नेमका उलट अनुभव आला. अभिजित देशपांडे दिग्दर्शित या चित्रपटात सुबोध भावे यांनी शिवाजी महाराजांची भूमिका केली होती. महाराज आणि बाजीप्रभू यांच्या संबंधांचे चित्रण, तसेच मावळातील देशमुखांचे चित्रण यांवर आक्षेप घेतले गेले. माजी खासदार संभाजीराजे छत्रपती यांनी नोव्हेंबरमध्ये जाहीरपणे नाराजी व्यक्त केली. ७ नोव्हेंबर रोजी ठाण्यातील एका मॉलमध्ये जितेंद्र आव्हाड आणि त्यांच्या समर्थकांनी खेळ बंद पाडला. त्या वेळी एका प्रेक्षकाला मारहाण झाल्याच्या प्रकरणात आव्हाड यांना अटक झाली आणि नंतर जामीन मिळाला. चित्रपटाच्या बाजूने महाराष्ट्र नवनिर्माण सेना उभी राहिली. चित्रपटाला राज ठाकरे यांचा आवाज लाभला होता, हेही त्यामागचे एक कारण. बघता बघता मावळातील देशमुखीच्या इतिहासाचा प्रश्न पक्षीय भांडणात हरवला.

त्यात दुर्दैव असे, की मूळ प्रश्न खरोखरच चर्चेचा होता. बांदल देशमुख आरंभी महाराजांच्या विरोधात होते, रोहिड्याच्या परिसरात त्यांच्याशी संघर्ष झाला आणि त्यानंतर बाजीप्रभूंसह बांदलांची शक्ती स्वराज्यात आली, ही परंपरेने सांगितली जाणारी हकीकत आहे. वतनदारांनी प्रथम विरोध करावा आणि पुढे प्राण द्यावेत, हा मावळच्या इतिहासातील सर्वांत हृद्य बदल. तो दाखवायचा तर आरंभीचा विरोध दाखवावाच लागतो. मात्र तो किती आणि कसा दाखवावा, द्वंद्वाचा प्रसंग रचावा की नाही, हा विवेकाचा प्रश्न आहे. यावर कागद पुढे ठेवून बोलता आले असते. चित्रपटगृहात आरडाओरडा सुरू झाल्यावर ते शक्य राहिले नाही.

'छावा'च्या वेळी याचेच दुसरे रूप दिसले. संभाजी महाराजांच्या अटकेमागील फितुरीत गणोजी आणि कान्होजी यांचा हात असल्याचे चित्रपटात दाखवण्यात आले. शिर्के घराण्याच्या वंशजांनी त्यास आक्षेप घेऊन अब्रुनुकसानीच्या दाव्याचा इशारा दिला. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि चित्रपटात त्या पात्रांचे आडनाव किंवा गाव घेतलेले नाही, असा खुलासा केला. त्याआधी, जानेवारी २०२५ मध्ये, झलकेतील लेझीम नृत्याच्या दृश्यावर टीका झाल्यानंतर ते दृश्य वगळण्यात आले होते. फितुरी नेमकी कोणाची, यावर साधनांत एकवाक्यता नाही. अशा ठिकाणी चित्रपटाने ठामपणे एक नाव घेतले, की पडद्यावरील दोन तासांचा परिणाम आजच्या जिवंत माणसांच्या आडनावावर होतो. शाळेतील मुलाला वर्गमित्र चिडवतात, लग्नाच्या बैठकीत टोमणा मारला जातो. शहरात जे 'कथेतील खलपात्र' म्हणून विसरले जाते, ते गावात पिढ्यान्‌पिढ्या चिकटून राहू शकते.

चित्रपटाचा परिणाम याहून मोठ्या पटावरही होतो. मार्च २०२५ मध्ये नागपुरात हिंसाचार झाल्यानंतर मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत बोलताना, 'छावा'मुळे औरंगजेबाविषयीचा लोकांचा राग पुन्हा जागा झाल्याचा उल्लेख केला. पडद्यावरील कथेविषयीचे मत हे केवळ फावल्या वेळचे बोलणे राहत नाही, हे त्यातून दिसले.

प्रमाणपत्र कशाचे असते?

अशा वादांत 'सेन्सॉरने हे पास केलेच कसे?' हा प्रश्न हमखास विचारला जातो. त्यामागे एक गैरसमज आहे. केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ १९५२ च्या कायद्यानुसार चित्रपट कोणत्या वयोगटाने पाहावा हे ठरवते, आणि सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, अब्रुनुकसानी अशा निकषांवर दृश्ये वगळण्यास सांगू शकते. चित्रपटातील प्रत्येक प्रसंग इतिहासाला धरून आहे, अशी हमी हे प्रमाणपत्र देत नाही. आरंभी झळकणारी 'कलात्मक स्वातंत्र्य घेतले आहे' ही सूचना याच कारणाने असते. ती वाचण्याइतका वेळ पडद्यावर थांबत नाही, हा भाग वेगळा.

मालिकांना तर असे पूर्वप्रमाणपत्रही लागत नाही. त्यांच्यावर १९९५ च्या केबल दूरचित्रवाणी कायद्यातील कार्यक्रम संहितेचे बंधन असते, आणि प्रेक्षकाला प्रक्षेपणानंतर तक्रार करता येते. इंटरनेटवरून दाखवल्या जाणाऱ्या मालिकांसाठी २०२१ च्या नियमांनी त्रिस्तरीय तक्रार यंत्रणा घालून दिली आहे.

दिवंगत व्यक्तीच्या बदनामीबद्दलही कायद्यात तरतूद आहे. ती व्यक्ती हयात असती तर तिची अब्रू गेली असती, असे विधान कुटुंबीयांच्या किंवा जवळच्या नातलगांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केल्यास ती बदनामी ठरू शकते. पूर्वी भारतीय दंडसंहितेत असलेली ही तरतूद आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. मात्र त्यात हेतू सिद्ध करावा लागतो, आणि साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या पुरुषाच्या बाबतीत 'जवळचा नातलग' कोण, हा प्रश्न सोपा नाही.

दुसरीकडे, प्रमाणपत्र मिळालेला चित्रपट जमावाच्या धाकाने बंद पाडता येणार नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी स्पष्ट केले आहे. १९८९ च्या एस. रंगराजन प्रकरणात, विरोधकांना आवरता येत नाही ही सबब राज्याला सांगता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. 'पद्मावत'वर काही राज्यांनी घातलेल्या बंदीला जानेवारी २०१८ मध्ये स्थगिती मिळाली ती याच भूमिकेतून. थोडक्यात, आक्षेप घेण्याचा हक्क आहे, न्यायालयात जाण्याचा हक्क आहे, पण शेजारच्या खुर्चीवरील प्रेक्षकाला उठवण्याचा हक्क नाही.

'तोरण' ते 'उदयकाल'

शिवकालीन चित्रपटाला आक्षेप घेतला जाणे ही नवी गोष्ट नाही, आणि त्याच्या आरंभीच्या उदाहरणांत वेल्ह्याच्या तोरण्याची आठवण जागवणारे एक नाव आहे. कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने १९३० मध्ये शिवाजी महाराजांवर एक मूकपट तयार केला. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे होते आणि महाराजांची भूमिकाही त्यांनीच केली होती. मूकपटाचे नाव होते 'स्वराज्य तोरण'. सविनय कायदेभंगाच्या त्या वर्षात ब्रिटिश अमदानीच्या परिनिरीक्षकांना 'स्वराज्य' हा शब्द पडद्यावर नको होता. अखेर नाव बदलून मूकपट 'उदयकाल' म्हणून प्रदर्शित करावा लागला.

त्या वेळी आक्षेप सरकारचा होता आणि कारण शब्दाचे सामर्थ्य हे होते. आज आक्षेप समाजातून येतात आणि कारण बहुधा आडनावाचे, घराण्याचे, जातीचे असते. दोन्ही वेळी एक गोष्ट समान आहे. शिवकाळ पडद्यावर आला की तो कोणालाच केवळ करमणूक वाटत नाही.

मत देण्यापूर्वी

म्हणून शहरातील प्रेक्षकाने आपले मत आवरावे असे नाही, आणि गावाकडचे प्रत्येक मत प्रमाण मानावे असेही नाही. वंशज असणे हा आदराचा विषय आहे, पण तो पुरावा नव्हे. घराण्यात चालत आलेली आख्यायिका ही साधन म्हणून मोलाची असते, तरी तिलाही इतर कागदांशी ताडून पाहावे लागते. एकाच वीराच्या जन्मस्थळावर किंवा समाधीवर दोन गावे हक्क सांगतात, हा अनुभव महाराष्ट्रात जागोजागी येतो. कारीच्या जेध्यांनी आपले दप्तर अभ्यासकांपुढे ठेवले म्हणून शिवजन्माची तिथी निश्चित होण्यास मदत झाली. ते पेटीतच राहिले असते, तर घराण्याचा अभिमान तेवढा उरला असता, इतिहासाच्या हाती काही लागले नसते.

चित्रपटाविषयी बोलताना एवढे भान ठेवले तरी पुष्कळ वाद टळू शकतात. 'आवडला' किंवा 'कंटाळा आला' असे म्हणायचे असेल, तर निःसंकोच म्हणावे. 'असे घडले नाही' असे म्हणायचे असेल, तर कशावरून, हे सांगण्याची तयारी ठेवावी. आणि 'आमचा मान राखला नाही' असे कोणी म्हणत असेल, तर त्याला हसण्यावारी नेऊ नये. त्या तक्रारीमागे एखादे गाव, एखादे आडनाव आणि एखाद्या शाळकरी मुलाला ऐकावे लागलेले बोल असू शकतात.

पावसाळा ओसरला की पुण्याहून शेकडो तरुण दर शनिवार-रविवारी राजगड आणि तोरण्याच्या वाटा तुडवतात. त्यांतील बहुतेकांची या किल्ल्यांशी पहिली ओळख पडद्यानेच करून दिलेली असते, आणि हे श्रेय चित्रपटांना आणि मालिकांना द्यायलाच हवे. परतीच्या वाटेवर त्यांनी कारीला किंवा शिंदला वळसा घातला, चित्रपटात ऐकलेली नावे गावाच्या पाटीवर वाचली, गावकऱ्यांशी चार शब्द बोलले, तर एका तिकिटात दोन मावळ पाहिल्यासारखे होईल. राजगडाच्या माचीवर हवा स्वच्छ असेल तेव्हा सिंहगड दिसतो. 'नागीण' तोफेचा गोळा तेथून येथवर पोहोचला असता का, याचा निकाल तेथे उभा राहून ज्याचा त्यालाच लावता येतो.